भावोजींचं ओलं गोणपाट

भावोजी गेल्याचा ताईचा फोन आला तेव्हा मी कल्याणच्या घाऊक बाजारात होतो. "चहा ठेवला, वळून बघते तर मान टाकलेली," एवढंच ती म्हणाली. ठाकुर्लीला तिच्या घरी पोहोचलो तर दाराबाहेर चपलांच्या स्टँडवर त्यांचं गोणपाट पसरलेलं, अजून दमट. म्हणजे सकाळी ते खाडीवर जाऊन आले होते... त्याला आता दीड महिना झाला. या काळात श्रीधर भावोजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, बरेच जण 'निसर्गप्रेमी' म्हणून गेले. हिशेब चोख असावा म्हणून सांगतो, ते तसे नव्हते. बाल्कनीतल्या कबुतरांना शिव्या घालत, मासळीशिवाय त्यांना घास उतरत नसे आणि निवृत्त झाल्यापासून स्वतःच गळ टाकून बसत. त्यांच्यात निसर्गाचं प्रेम बेताचंच होतं. माणसाच्या माजाची किळस मात्र भरपूर होती.

ती किळस सुरू झाली डोंबिवलीच्या रेतीबंदरावर. भरतीचं पाणी चढलं की खाडीत पाकटं येतात. सुपासारखा चपटा मासा, शेपटीवर विषारी काटा. दुसऱ्या माशासाठी टाकलेल्या गळाला तो कधीकधी लागतो. हल्ली रविवारी महागडे रॉड घेऊन येणारी एक जमात आहे. गाडी धक्क्यापर्यंत आणायची, टोप्या, काळे चष्मे, आणि एक जण मोबाईल धरायला. यांना पाकट खायचं नसतं. काट्याची भीती वाटते म्हणून आधी शेपूट कापायचं, मग दोन्ही हातांनी वर धरून दात काढायचे, फोटो झाला की लाथेनं पाण्यात. एकदा भावोजींच्या समोर अशाच एका मादीनं धक्क्याच्या सिमेंटवर पिल्लं टाकली. पाकट अंडी घालत नाही, पिल्लं देतं, आणि पकडलं गेलं की भीतीनं अवेळी टाकतं. "अरे, एकावर चार फ्री," टोपीवाला म्हणाला. मोबाईलवाल्यानं ते त्याला पुन्हा म्हणायला लावलं, कारण पहिल्यांदा आवाज नीट आला नव्हता.

भावोजींनी गळ टाकणं सोडलं नाही. पण पिशवीत लांब नाकाची पक्कड आणि एक गोणपाट आलं. कुणाला पाकट लागलं की गोणपाट भिजवून त्याच्या शेपटीवर टाकायचं, पकडीनं गळ सोडवायचा आणि गुंडाळून उचलून खाडीत. "तुमचा फोटो राहिला, माफ करा हं," असं म्हणताना त्यांचा चेहरा इतका गंभीर असे, की समोरच्याला भांडावं की आभार मानावेत ते कळत नसे.

मग अर्ज. मागणी एका ओळीची होती. हौसेखातर गळ टाकणाऱ्याला पाकट लागलं तर त्यानं ते न कापता, जिवंत, तिथल्या तिथे सोडावं, नाहीतर दंड, असा कायदा करा. काही मोजक्या जातींना संरक्षण आहे, आमच्या खाडीतल्या साध्या पाकटाला नाही. मसुदा माझ्याकडे तपासायला आला. त्यात 'हजारो पाकटं मरतात' असं होतं.

"मोजलीत?"

"नाही."

"मग नको."

"तू मेहुणा आहेस की कॅल्क्युलेटर?" म्हणाले, पण खोडलेलं खोडलेलंच राहू दिलं. ठाण्याच्या एका कार्यालयातल्या साहेबांनी नेमकं तेच धरलं. "आकडेवारी कुठाय काका?" भावोजी म्हणाले, "मोजायचं काम तुमचं. कधी मोजलंत?" साहेब हसले. "कोळी पाकट विकतात, आपण खातो. मग या हौशी पोरांनीच काय घोडं मारलंय?" त्यावर भावोजी उठले. "कोळी धरतो घरात चूल पेटावी म्हणून. हे धरतात आपलं थोबाड दिसावं म्हणून. एवढा फरक तुम्हाला कळत नसेल तर मी तुम्हाला आकडे देऊन काय करू?" साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. ठेवून घेतला तो घेतलाच.

आमच्याकडे कुणी गेलं की त्याच्या नावानं चषक निघतो. क्रिकेटचा, कबड्डीचा, जो सुचेल तो. भावोजींचं तेरावं उलटलं आणि एका होतकरू स्थानिक नेत्याचा माणूस ताईकडे आला. मोबाईलवर बॅनर दाखवला, 'कै. श्रीधरकाका स्मृतिचषक, भव्य गळ स्पर्धा'. कोपऱ्यात भावोजी, मधोमध त्यांच्या तिप्पट मोठा नेता, हात जोडून.

"काकू, बक्षीस तुमच्या हस्ते. आणि सगळ्यात मोठं पाकट काढेल त्याला स्पेशल प्राइज ठेवलंय."

"पाकट?" ताई म्हणाली.

"काकांचं फेवरेट ना? सारखे पाकट-पाकट करायचे."

इतकी वर्षं हा माणूस धक्क्यावर त्यांचं बोलणं ऐकत होता, आणि त्याला समजलं ते एवढंच. मी तोंड उघडणार तोच ताईनं विचारलं, "किती वाजता यायचं?"

ताई उभ्या जन्मात खाडीवर गेली नव्हती. त्या वासानं तिला मळमळतं. गोणपाट तिनं कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. त्या रविवारी ती स्टेजवरच्या सोफ्यावर बसली, मांडीवर भावोजींची पिशवी. "काकांनी मासेमारीसाठी आयुष्य वेचलं," असं नेता सांगत असतानाच धक्क्यावर ओरडा झाला. पाकट लागलं होतं. सुरी निघाली. ताई उठली, तिथल्या बादलीत गोणपाट बुडवलं आणि "सर रे बाजूला," म्हणत गर्दीत शिरली. पक्कड दोनदा निसटली... पण गळ निघाला. गोणपाटाचं दुसरं टोक मी धरलं, आणि पाकट शेपटीसकट खाडीत गेलं.

"अहो काकू, वजन राहिलं," रॉडवाला रडवेला झाला. "माझं प्राइज?"

"बक्षीस माझ्या हस्ते होतं ना? झालं देऊन."

नेता हसतच होता, कारण कॅमेरे चालू होते. स्पर्धा उत्साहात पार पडल्याचं दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर आलं.

अर्ज आता ताईच्या नावानं पुन्हा दिला आहे. कायदा होईल असं मी म्हणत नाही, न मोजलेलं बोलायची मला सवय नाही. परवा ठाकुर्लीला गेलो तर चपलांच्या स्टँडवर नुसत्या चपला होत्या. गोणपाट आत, बाल्कनीतल्या दोरीवर, ताईच्या धुतलेल्या साड्यांशेजारी. पक्कड खोबरेल लावून खिळ्याला अडकवलेली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर बघून विचारलं, "वहिनी, कसला हो हा वास?"

ताईनं गोणपाट झटकून दोरीवर सरळ केलं.

"आमच्या ह्यांचा," ती म्हणाली.