फळ्यावर लिहिलेली विमलबाई

एखाद्याच्या घरात काय दडवलंय, हे त्याचा उंबरा न ओलांडता तुम्ही कधी चारचौघांत सांगितलंय का? लगेच नाही म्हणू नका. मी तर नुसतं सांगितलं नाही. मालेगावला आमच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं. ज्या बाईबद्दल लिहिलं ती विमलबाई. आज तिच्याविषयी लिहितोय तो हातही तोच आहे, आणि मला त्याची लाज वाटते.

विमलबाई म्हणजे कुणी पुढारी नव्हे. दुसऱ्याच्या वावरात निंदण करणारी, कापूस वेचणारी बाई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. अक्षर एक येत नव्हतं. पण छप्पनला आम्ही दीक्षा घेतली, मग अधूनमधून भन्ते येऊ लागले, आणि त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून हिने त्रिशरण, पंचशील, साऱ्या गाथा पाठ केल्या. दर पौर्णिमेला विहारात ती पुढे बसायची, मागे चाळीसेक बाया. कुणाचा उच्चार घसरला की ही तिथल्या तिथे थांबायची.

"वेरमणी म्हन व माय, येरमणी नाही. कापूस येचाले नाही आली तू."

बाया हसायच्या आणि पुन्हा म्हणायच्या. वस्तीतल्या एकाही बाईला पुस्तकाची गरज पडली नाही, कारण पुस्तक पुढे बसलेलं होतं.

फळा माझा. म्हणजे वस्तीचाच, पण मी त्याला माझा समजायचो. मी सातवी नापास. वाचायची गोडी लागली ती दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवरून, आणि बोलायला शिकलो मोर्च्यात. जुन्या सेलमधली काळी पूड पानांच्या रसात कालवून मी ती भिंत काळी केली. वर बातमी मी लिहायची. खाली ज्याला लिहिता येईल त्याने आपलं म्हणणं लिहायचं. खडूचे तुकडे डब्यात ठेवलेले. नाव घालायची सक्ती नाही. कुणाच्या विहिरीवर आमच्या बायांना हटकलं, कुठल्या शाळेत आमची पोरं मागे बसवली, हे सगळं त्या भिंतीवर यायचं. ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याला विचारायचा, "काय लिवलं भाऊनं आज?" बाहेरगावचे लोक उतरून घ्यायचे आणि आपल्या गावच्या फळ्यावर लिहायचे. मला त्याचा माज होता. दुसरा शब्द नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात वादळाने बऱ्याच घरांवरची टिनं उडाली. आमच्यातला ग्यानबा सायकली दुरुस्त करायचा आणि टिनंही बसवून द्यायचा. तो एक दिवस सकाळी माझ्याकडे आला.

"भाऊ, खबर हाये. पन माह्यं नाव घेऊ नोको."

"बोल."

"विमलबाईच्या घरी देव हाये. उतरंडीत, लाल फडक्यात. टिन बसवता बसवता माह्या पायानं मडकं सरकलं, न भद्दिशी खाली पडला."

"कोनता देव?"

"टाक हाये पितयेचा, घोड्यावर बसेल. खंडोबा असन नाही त मसोबा, मले का मालूम?"

माझं डोकं फिरलं. छप्पनला आमच्या वस्तीने एकाच दिवशी घरातले सगळे देव नदीत सोडले होते. मी तेव्हा सतरा वर्षांचा. घरोघर फिरून देवांची गाठोडी गोळा करणारा मीच. आणि पंचशील शिकवणारी बाई मडक्यात देव ठेवते! तिचं घर माझ्या घरापासून नववं. तिथवर गेलो असतो तर किती वेळ लागला असता? मी फळ्याकडे गेलो.

"विहारात तोंडी बुद्ध, घरी मडक्यात खंडोबा! गाथा शिकवणाऱ्या विमलबाईच्या उतरंडीत देव सापडला. वस्तीने विचार करावा."

लिहून झाल्यावर मी दोन पावलं मागे सरून ते वाचलं. मला आवडलं, हेही सांगून टाकतो.

दुपारपर्यंत खाली ओळी वाढल्या. "गाथा बंद करा." "देवाले बकरं लागते का कोंबडं?" आणि एकाने लिहिलं, "म्हणूनच नवरा खाल्ला." ही ओळ मी पुसायला हवी होती. फडकं माझ्या खांद्यावरच होतं. मी म्हटलं, लोकमत आहे, राहू द्या. खरं कारण वेगळं होतं. फळ्यापुढे एवढी गर्दी आजवर कधी झाली नव्हती.

संध्याकाळी विमलबाई वावरातून आली. डोक्यावर काड्यांचा भारा. आपल्याला पाहून लोक बाजूला सरकले हे तिच्या ध्यानात आलं.

"काय लिवलं रे? वाचा न कोनी."

मग मीच वाचलं, मोठ्याने, खालच्या ओळींसकट. तिने भारा न उतरवता ऐकलं.

"वयनी, खरं का खोटं? तेवढं सांग," मी म्हटलं.

"टाक हाये. खोटं कायले बोलू?"

"मंग ठेवला काहून?"

"तुले नाही सांगत."

"मले नाही त वस्तीले सांग."

"वस्तीले त मुयीच नाही," म्हणाली आणि घरी गेली.

पुढच्या पौर्णिमेला तिच्या मागे तीन बाया बसल्या. त्याच्या पुढच्या पौर्णिमेला ती स्वतःच आली नाही. बायांनी आपल्याआपण म्हणायचा प्रयत्न केला, पण गाथा मध्येच अडकली. पुढचं कुणालाच अखंड येत नव्हतं. एकमेकींकडे बघत त्या उठल्या.

ग्यानबाची सासुरवाडी धनजची. बातमी त्याच्याबरोबर तिकडच्या फळ्यावर गेली. रिसोडच्या बाजारात एकाने मला विचारलं, "ते देववाली बाई तुमच्याच गावची न? पाच टाक सापडले म्हने, न बकरं कापते." मी त्याला पाच नाही, एक, असंसुद्धा म्हटलं नाही.

माझी आई लिलाबाई तेव्हा माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला रिसोडलाच होती. दीड महिन्याने परत आली, तेव्हा शेजारणीने तिला सगळं सांगितलं. मी घरी आलो तर चूल थंड.

"शेषू, तो टाक माह्या हाये."

"काय?"

"तुह्या बापाचा."

बाप गेला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. घरातला माणूस अवेळी गेला की त्याच्या नावाने घोड्यावर बसलेला टाक करून देवात ठेवायची आमच्यात तेव्हा चाल होती. आईने तो करवून घेतला होता.

"देव सारे देल्ले तुले. माह्या माणसाले कसा बुडवू? तू दारात गाठोडं घ्याले उभा. विमलनं पदराखाली नेला. म्हने, मामी, शेषू लय तापट हाये, त्याले कयू देऊ नोका. पाहा वाटलं का येत जा माह्या घरी."

अठरा वर्षं आई दर आठवड्याला तिच्याकडे जायची. मला वाटायचं, बायांच्या गप्पा.

मी उठलो, फळा पुसला आणि लिहिलं, "विमलबाईबद्दलची बातमी चुकीची होती." खडू तिथेच थांबला. टाक कुणाचा, ठेवला कुणी, हे लिहायला एक ओळ पुरली असती. पण देव बुडवा म्हणत साऱ्या तालुक्यात फिरणाऱ्या शेषरावच्याच घरचा टाक निघाला, असं लोक म्हणतील. मला ते झेपलं नाही. संध्याकाळी खाली कुणीतरी लिहून गेलं, "बाईनं भाऊचे पाय धरलेले दिसतात." अर्ध्या सत्याने तिची अब्रू आणखीच गेली.

मग मी तिच्या दारात गेलो. ती सुपात तूर पाखडत होती.

"वयनी, चुकलं माह्यं. टाक तुह्या नव्हता, आता समजलं."

"मले कायले सांगतं? मले त पयलेपासून मालूम हाये." सूप थांबलं नाही. "फयावर लिव."

"मायचं नाव येईन न."

"मंग माह्यं कसं आलं?"

मी खाली मान घालून परत आलो. चार वर्षं फळ्यावर दुनियेची खबर लिहिली, ही एक सोडून.

मागच्या हिवाळ्यात आई गेली. आईच्या नावामागे लपायचीही सोय उरली नाही. यावेळी मात्र मी आधी विमलबाईच्या घरी गेलो आणि हे सारं तिला वाचून दाखवलं. तिने एक वाक्य काढायला लावलं. कोणतं, ते सांगणार नाही. बाकीचं ऐकून म्हणाली, "लिव. पन उशीर लय केला तू."

काल आमच्या फळ्यावर नावासकट लिहिलं. ती पौर्णिमेला येऊन पुढे बसेल की नाही, मला ठाऊक नाही. बसली तर बरं, असं म्हणायचासुद्धा मला हक्क नाही.

धनजच्या, रिसोडच्या आणि जिथे जिथे माझी ती ओळ पोचली तिथल्या वाचकांनो, एवढं करा. तुमच्या फळ्यावर लिहा की तो टाक मालेगावच्या शेषरावच्या बापाचा होता, शेषरावच्या आईने ठेवायला दिला आणि विमलबाईने अठरा वर्षं गुपचूप सांभाळला. खाली माझं नाव घाला. आणि जिथे वाचायला कुणी नसेल, तिथे मोठ्याने वाचून दाखवा.