आदर्श उत्तराची शेवटची ओळ

चहा कागदी कपात आला. तोही फक्त माझाच. ईशाचं दूध नेहमीच्या चिनी मातीच्या मगमध्ये. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये मी आठ महिने तिला हिंदी शिकवत होते. धडे, कविता, व्याकरण, सगळा होमवर्क. आठ महिने मलाही तसलाच मग मिळायचा.

"ताई, आज कामवाली आली नाही ना, म्हणून," तिची आई म्हणाली.

कामवाली समोरच फरशी पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

मला कळायचं ते कळलं. गेल्या आठवड्यात धड्यात विहिरीवरून हाकललेल्या दलित बाईचा प्रसंग होता. ईशानं विचारलं, "मॅम, सच में ऐसा होता था?" मी म्हणाले, "माझ्या आजीला हाकललं होतं." स्वयंपाकघरातला मिक्सर तेव्हाच थांबला. "दिल्लीत आपलं माणूस मिळालं" म्हणत मला पुरणपोळी वाढणारी बाई ती. एका वाक्यानं मी परकी झाले.

राग आला. पण तो गिळायची सवय जुनी. वही उघडली.

त्याच धड्याचा शेवटचा प्रश्न राहिला होता. आज परिस्थिती कशी आहे?

ईशानं पेन उचललं. "मॅम, वो वाली लाइन लिखूँ?"

अस्पृश्यता संपल्याची ती लाइन माझीच. 'आज हमारे समाज में छुआछूत नहीं रही.' सहा वर्षं फरीदाबादच्या शिकवण्यांपासून इथपर्यंत प्रत्येक मुलाला मी ती डिक्टेट केली. तपासणाऱ्याला शेवट गोड लागतो, मार्क कापले जात नाहीत. आणि आता तो कप समोर ठेवून मी तीच पुन्हा सांगणार होते. मला माझीच शिसारी आली.

"नको," मी म्हणाले. "तुझा मग बघ. माझा कप बघ. मग दिसतं ते लिही."

ईशानं बघितलं. तिचे कान लाल झाले.

आई धावत आली. "पोरीच्या डोक्यात काय भरवताय? मार्क जातील तिचे!"

"जाऊ देत. खोटं मी सांगणार नाही."

"आमच्याकडे असलं काही मानत नाहीत हां!"

"मग हा चहा तुम्ही प्या."

मी कप पुढे केला. तिनं हात मागे घेतला. मी पर्स उचलून निघाले.

दुसऱ्या दिवशी फरीदाबादच्या सगळ्या मुलांच्या वह्या मागवल्या. ती ओळ माझ्या हातानं खोडली. का खोडली तेही सांगितलं. दोन घरांतून निरोप आला, उद्यापासून येऊ नका. बाकीच्यांचाही येऊ दे. ते वाक्य आता माझ्या तोंडून कुणालाही मिळणार नाही.