पुतळ्यावरची बाळंतपणे

वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, मला मोसंबीच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसवून दिले, तेव्हा लॉकडाऊनमुळे एसटी बंद होती आणि रस्ता फक्त माल वाहणाऱ्यांना मोकळा होता. चिंचवडच्या आमच्या नर्सिंग कॉलेजच्या ग्रुपवर 'सर्व विद्यार्थिनींनी तातडीने हजर व्हावे' असा मेसेज आला होता. जालन्याजवळच्या आमच्या गावाहून निघालो आणि शिरूरच्या अलीकडे समोरून माणसे चालत येताना दिसू लागली. चाकणच्या कंपन्या बंद पडल्यामुळे गावाकडे निघालेली, डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेतलेली. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, सगळं जग गावाकडं पळायलंय अन् तुम्ही उलट्या कुठं?" मी नर्स होणार आहे, असे मी त्याला अभिमानाने सांगितले.

हे मी घरच्यांसाठी लिहीत आहे, आणि त्या वर्षी माझ्यासारख्याच उलट दिशेने गेलेल्या मैत्रिणींसाठीही. फोनवर मला हे कधी नीट समजावता आले नाही, म्हणून क्रमाने सांगते.

मी नर्सिंगला का गेले, येथून सुरुवात करावी लागेल. माझा धाकटा भाऊ तालुक्याच्या रस्त्यावर, जीपमध्ये जन्मला. आमच्या गावाबाहेर आरोग्य उपकेंद्राची इमारत होती, पण तेथे नर्स टिकत नसे. मला चिंचवडला पाठवताना आई एवढेच म्हणाली होती, "गावातल्या बाईवर रस्त्यात बाळंत व्हायची पाळी येऊ नये, इतकं शिकून ये. बाकी तुझं तू बघ." शिकून त्या उपकेंद्रात परतायचे, हे घरात ठरलेलेच होते.

आमच्या अभ्यासक्रमात प्रसूतीचे शिक्षण तिसऱ्या वर्षी येते. विद्यार्थिनीने आधी बाळंतपणे पाहायची, मग अनुभवी सिस्टरच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातांनी करायची, अशी रीत आहे. बाळाचे डोके किती खाली आले, कळेबरोबर जोर केव्हा लावायला सांगायचा आणि केव्हा थांबवायचा, हे बोटांना कळावे लागते. पुस्तक तेथे फारसे कामाचे नाही. आम्ही दुसऱ्या वर्षी कोविड वॉर्डात गेलो आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा तेथेच. आमचे वर्ष बदलले, वॉर्ड बदलला नाही.

तेथील काम व्यर्थ होते, असे मी म्हणणार नाही. घुसमटणाऱ्या माणसाला पालथे कसे झोपवावे, ऑक्सिजन किती सोडावा, घरच्यांचा फोन रुग्णाच्या कानाशी कसा धरावा, हे मला येते. माझी तक्रार वेगळी आहे. काम वाटताना आम्ही 'स्टाफ' होतो. सुट्टी किंवा नवा मास्क मागितला की 'विद्यार्थिनी' होतो. प्रसूतीगृहात कधी पाठवणार, असे मी ट्यूटर मॅडमना विचारले.

"महामारी चालू आहे, दिसत नाही का? डिलिव्हऱ्या नंतर शिकता येतील."

"नंतर म्हणजे केव्हा, मॅडम?"

"आधी ड्यूटीला जा."

वॉर्डात चाकणजवळच्या एका गावातले वयस्कर शेतकरी होते. किटमुळे आमचे फक्त डोळे दिसत. त्यांनी एकदा विचारले, "पोरी, तू सिस्टर हायस का शिकाऊ?"

"शिकाऊ, बाबा."

"मंग शिकवणारी कुठंय?"

मी त्यांची सलाइन तपासली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

परीक्षा जवळ आल्यावर प्रत्येकीच्या नोंदवहीत ठरलेली बाळंतपणे पुरी दाखवणे भाग होते. वर्गात एक रबरी पुतळा आणला गेला. पोटातून रबरी बाळ ओढून काढायचे, की एक बाळंतपण झाले. माझी कोकणातली मैत्रीण रेश्मा म्हणाली, "हिका कळाच येत नाय गो. हिच्यापरास आमची म्हस बरी, वराडता तरी." सगळ्या हसलो. त्याच पुतळ्यावर आम्हा सर्वांची प्रसूतीची तयारी पूर्ण झाल्याच्या सह्या झाल्या आणि आम्ही उत्तीर्ण झालो.

निकालानंतर मी गावी गेले असताना एका दुपारी शेजारच्या सुवर्णावहिनींना कळा सुरू झाल्या. "सिस्टर दारात असताना काळजी कशाची," असे म्हणत त्यांच्या सासूबाईंनी मला बोलावले. मी धावत गेले, पिशवी उघडली आणि वहिनींच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन उत्तम होता. मी आकडा पाहत बसले. वहिनी दात आवळून म्हणाल्या, "बाई, दुखायलंय पोटात, अन् तू बोट काय बघायलीस?"

तेव्हा मी सर्वांसमोर सांगितले की मला बाळंतपण येत नाही, ॲम्ब्युलन्स बोलवा. गाडी वेळेवर आली आणि मुलगी तालुक्याच्या रुग्णालयात सुखरूप जन्मली. आई संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "मग इतकी वर्षं शिकलीस काय?" आमच्या हातून काय निसटले, ते मी तिला सांगू लागले. तिने ते ऐकले की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर लवकरच उपकेंद्रात कंत्राटी जागा निघाली. माझी निवड जवळजवळ निश्चित होती. मी अर्ज केला नाही. चाकणच्या एका लहान प्रसूतीगृहात सर्वांत कनिष्ठ म्हणून लागले. येथे कामगारांच्या बायका येतात, बीडच्या, बिहारच्या, रत्नागिरीच्या. मोठ्या सिस्टरनी माझ्या हातांवर आपले हात ठेवून पहिले बाळंतपण करवून घेतले, तेव्हा ते ओले, गरम डोके तळहाताला लागले आणि मला आनंदाआधी राग आला. हे मला तिसऱ्या वर्षीच मिळायला हवे होते.

आमच्या उपकेंद्रात आता दुसरी मुलगी आहे, माझ्यानंतरच्या बॅचची. तिने मागच्या महिन्यात फोन केला. "ताई, आम्हालाही पुतळ्यावरच शिकवलं. इथं सगळे मला सिस्टर म्हणतात आणि मला झोप लागत नाही." मी तिला सुट्टी घेऊन इकडे शिकायला ये म्हटले. मोठ्या सिस्टरनी परवानगी दिली आहे. माझ्या चाकणच्या खोलीत तिच्यासाठी गादी घालून ठेवली आहे. घर म्हणजे काय, असे आज कोणी विचारले, तर मी या खोलीचाच पत्ता देईन, कारण गावी जे शिकून न्यायचे, ते सध्या येथेच मिळते.

आईला हे सांगितले. ती म्हणाली, "तूही तिकडं, तीही तिकडं. तोवर गावात कोण?"

ज्यांनी पुतळ्यावर आमच्या सह्या केल्या, त्यांना हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.