वर्तणुकीचा रकाना

विलायतेत प्रिव्ही कौन्सिल नावाचं एक न्यायालय होतं आणि त्याच्यावर अपील नसे, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. ज्याने ते पुस्तकात लिहिलं त्याने कुंडलजवळच्या आमच्या खेड्यातली मराठी शाळा पाहिली नसावी. आमचे हेडमास्तर त्या कौन्सिलाच्याही वरचे होते. बोराची बी नेम धरून मारणे, शेजाऱ्याच्या टोपीत खाजकुयली घालणे, पाढे म्हणताना नुसते ओठ हलवणे, असल्या गुन्ह्यांचा त्यांनी जेवढा खोलात जाऊन विचार केला, तेवढा कुठल्या जज्जाने खुनाचाही केला नसेल. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, गावातली निम्मी तरणी माणसं पलटणीत होती. जगात काय वाटेल तो अन्याय चालो, आमच्या शाळेत कुणाला एक छडी जास्त बसेल तर शपथ.

साताऱ्याहून बदलून आलेला हा माणूस उंच, किडकिडीत, उन्हाळ्यातसुद्धा कोटाची वरची गुंडी लावून बसणारा. शनिवारी सकाळच्या शाळेचा शेवटचा तास चिंचेखाली त्यांची कचेरी भरे. फिर्यादी एका बाजूला, आरोपी दुसऱ्या बाजूला, मध्ये खुर्चीवर हेडमास्तर आणि मांडीवर वर्तणुकीची वही. सोमवारी केलेल्या गुन्ह्याचा निकाल शनिवारी लागायचा, तोवर फिर्यादी आणि आरोपी एकाच विटीने खेळत असायचे. एकदा तिसरीतल्या दोघांचं भांडण कोणी आधी चिमटा काढला यावर आलं, तर ह्यांनी अकरा साक्षीदार तपासले. शेवटी फिर्यादीच म्हणाला, "गुर्जी, ऱ्हाऊ द्या आता, मला भूक लागलीया." त्यावर हेडमास्तर म्हणाले, "भूक लागली म्हणून न्याय थांबत नाही. बस खाली." आमचे दुसरे गुरुजी होते, ते थोबाडीत एक देऊन मोकळे व्हायचे आणि पुढचं गणित सांगायचे. खरं सांगायचं तर आम्हा पोरांना तेच बरं वाटे. थोबाडीत खाल्ली की हिशेब मिटतो. हेडमास्तरांच्या न्यायात तो शनिवारपर्यंत उघडाच राही.

त्यातच त्यांच्या डोक्यात आलं की एकाच गुन्ह्याला हाडकुळ्या पोराला आणि धष्टपुष्ट पोराला सारख्या छड्या देणं म्हणजे अन्याय. झालं. दुसऱ्या दिवशी सगळी शाळा रांगेने गुळाच्या व्यापाऱ्याच्या दुकानात गेली. गुळाच्या ढेपा उतरवून त्या काट्यावर आमची वजनं झाली. मी पाऊण मण भरलो. व्यापाऱ्याचाच मुलगा बाहुबली सव्वा मण भरला, आणि त्या आठवड्यात शाई सांडल्याबद्दल मला दोन छड्या तर त्याला तीन मिळाल्या. त्याचे वडील धोतराचा सोगा सावरत शाळेत आले. "आवं मास्तर, शाई दोगांनी सांडली. मग तिसरी छडी कशाची? आमच्या घरच्या तुपाची?" हेडमास्तरांनी या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सगळ्या वर्गापुढे त्यांनी "वजनाचा नियम रद्द" असं जाहीर केलं आणि बाहुबलीला एक गुन्हा आगाऊ माफ करून टाकला. बाहुबलीने तो वाया घालवला नाही. त्याने दुसऱ्या गुरुजींची पगडी आडात टाकली.

छडी निर्गुडीची असे. नवी छडी आली की हेडमास्तर आधी ती स्वतःच्या डाव्या तळहातावर सपकन मारून घेत, डोळे मिटून थोडा वेळ उभे राहत आणि मग वहीत काहीतरी टिपत. "आपण काय वाढतोय ते वाढणाऱ्याने चाखून बघावं," असं ते म्हणत. आम्ही मागच्या बाकावर पैज लावायचो, कितीव्या छडीला ह्यांच्या डोळ्यात पाणी येईल. आम्ही काय कमी हलकट होतो?

आणि मुद्देमाल. गुन्ह्यात सापडलेली प्रत्येक वस्तू हेडमास्तर वर्तमानपत्रात गुंडाळून, चिठ्ठी लावून एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत. गलोली, खाजकुयलीच्या पुड्या, दात लागलेली दुसऱ्याची भाकरी. ट्रंक उघडली की पहिल्या दोन रांगा नाक धरत.

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. शाळेची घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा, आणि त्यावर मारायला एक लोखंडी हातोडा. एका शुक्रवारी सकाळी तो हातोडा गायब झाला. शाळा भरेना. हेडमास्तरांना आदल्या संध्याकाळपासून हिवताप भरला होता, तरी ते घोंगडी पांघरून आले आणि तपास सुरू झाला. शिपाई म्हणाला, "काल ह्योच घुटमळत हुता चिच्चंखाली." तो माझ्याकडे बोट करत होता. मी चिंचा पाडायला गेलो होतो, पण चिंचा पाडणं हाही गुन्हाच, म्हणून मी आधी गप्प राहिलो आणि मग तिथे गेलोच नव्हतो असं खोटं बोललो. शनिवारी चार छड्या बसल्या. पाचवीपासून त्या शनिवारपर्यंत माझ्या नावावर वहीत शाई सांडण्याखेरीज काही नव्हतं. छड्यांचं काही वाटलं नाही. पण मी हातोडा चोरला असं सगळ्या शाळेपुढे वाचलं गेलं, त्याने माझं डोकंच फिरलं. त्या दिवसापासून सहा महिने मी त्या माणसाशी मनातल्या मनात भांडत होतो.

सातवीची परीक्षा झाली. सांगलीला हुशार मुलांसाठी फुकट जेवणाखाण्याचं एक बोर्डिंग होतं. तिथे जागा मिळाली तर इंग्रजी शाळा, नाही तर घरची मोट हाकायची, एवढा सरळ मामला. बोर्डिंगला शाळा सोडल्याचा दाखला लागे आणि त्यातल्या वर्तणुकीच्या रकान्यात "चांगली" असावं लागे. जगातले सगळे हेडमास्तर तो रकाना न बघता "चांगली" लिहून टाकतात. आमच्यांनी लिहिलं, "बरी. एकदा चोरी."

माझे वडील, आबा, पलटणीत हवालदार होते आणि तेव्हा रजेवर आले होते. खाकी कपड्यांतच ते मला घेऊन शाळेत गेले. "मास्तर, येक शबुद बदला. पोरगं लय हुशार हाय. त्याच्या आयुष्याचं नुस्कान हुतंय."

"हवालदार, मी खोटं लिहू?"

"खोटं न्हवं वो. आमच्यात बी शिपाई चुकतो, शिक्षा भोगतो, संपलं. कागुद जन्मभर मागं लागत न्हाई."

हेडमास्तरांनी दाखला पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "शिक्षा भोगली की संपायला हवं, हे तुमचं बरोबर आहे. पण निकाल बरोबर होता, एवढं तुम्हाला पटवतो. मग रकान्याचं बघू." त्यांनी वही काढली, साक्षी वाचून दाखवल्या, आणि काही राहायला नको म्हणून मुद्देमालाची ट्रंकही उघडली. एकेक पुडी बाहेर येत होती. तळाशी एक जड पुडकं निघालं. वर चिठ्ठी होती, हेडमास्तरांच्याच अक्षरात, पण अक्षर तापातलं, वेडंवाकडं: "गुरुवार. चौथीतील मुलाने घंटेच्या हातोड्याने कवठ फोडले." आत हातोडा होता. त्याला कवठाचा गर वाळून चिकटला होता. कवठ फोडणारा पोरगा दुसऱ्याच दिवशी मामाकडे कराडला राहायला गेला, आणि तापात ठेवलेलं पुडकं हेडमास्तर साफ विसरले, म्हणून तो खटला कधी निघालाच नव्हता. चोरीचा माल सहा महिने न्यायाधीशाच्या ट्रंकेत होता, आणि चोर म्हणून मी हिंडत होतो.

आबा हसायला लागले. हेडमास्तरांना हसू आलं नाही. शनिवारी त्यांनी शाळा चिंचेखाली जमवली, स्वतः आरोपीच्या जागी उभे राहिले, सगळं वाचून दाखवलं, आणि छडी माझ्या हातात दिली. "चार," म्हणाले, आणि डावा हात पुढे केला.

खोटं कशाला सांगू, पहिली छडी मी दातओठ खाऊन मारली. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. "एक," ते म्हणाले. मग तो तळवा मी जवळून पाहिला. नव्या छड्या चाखून चाखून त्यावर फिकट वळ उमटलेले होते, माझ्या छडीचा लाल वळ त्यांच्यावर आडवा पडला होता. माझ्याने दुसरी मारवेना. मी छडी टाकली आणि सगळ्यांसमोर रडायला लागलो. "तीन बाकी," हेडमास्तर म्हणाले आणि वहीत तसं लिहिलं.

नव्या दाखल्यावर मजकूर रकान्यात मावला नाही, समासात गेला: "वर्तणूक चांगली. एकदा शिक्षा झाली, ती चुकीने. चूक हेडमास्तरांची. चारांपैकी एक छडी परत मिळाली, तीन बाकी." सांगलीच्या बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंटांनी तो दोनदा वाचला. "हे गृहस्थ अजून नोकरीत आहेत?" एवढंच विचारलं आणि मला घेतलं.

पुढे पाच-सहा वर्षांनी कराडच्या स्टेशनावर ते अचानक भेटले. कोट तोच, वरची गुंडी लावलेली. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद द्यायच्या आधी भर फलाटावर डावा हात पुढे केला. "तीन राहिल्यात तुझ्या." मी म्हटलं, "माफ केल्या, सर." ते म्हणाले, "निकाल लागलेला आहे. माफी द्यायचा अधिकार तुला नाही." मी हसलो. गाडी आली, मी घाईने डब्यात चढलो. खिडकीतून पाहिलं तेव्हा हात अजून खाली गेलेला नव्हता. मला तेव्हा ते फार विनोदी वाटलं. पुन्हा भेट झाली नाही.

आता मीही हेडमास्तर आहे. दरवर्षी उन्हाळ्यात शेदीडशे दाखले सहीला येतात. वर्तणुकीच्या रकान्यात कारकून सगळ्यांच्या नावापुढे "चांगली" लिहून ठेवतो आणि मी एका बैठकीत सह्या करून टाकतो. कुणाची तक्रार येत नाही, कुणाचे वडील भांडायला येत नाहीत. पोरं दाखला घेतात, घडी घालून खिशात टाकतात आणि जातात. त्यांतल्या कितीकांनी काय सोसलं, आणि चूक कुणाची होती, हे मला माहीत नसतं.