लेबल खरवडलेला भीमपलास

शाळा माझी चौथीपर्यंत. पण जळगावात जुन्या तबकड्या ऐकायच्या तर रविवारी सकाळी लोक माझ्याच ओट्यावर येत. घरोघरी कॅसेटी आल्या होत्या, तरी येत. जामनेरच्या बाजारात भंगारवाल्याकडे मला एक भीमपलास मिळाला होता, आणि तो गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

मग धुळ्याहून एक ओव्हरसियर बदलून आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. तो गाणाऱ्याचं नाव विचारायचाच नाही, तबकडीचा नंबर विचारायचा. लेबलवर छापलेला नंबर मुंबईच्या व्यापाऱ्याला कळवायचा आणि तीच तबकडी पोस्टाने मागवायचा. लोक त्याच्याकडे कौतुकाने बघत. माझा जळफळाट होई.

माझा भीमपलास त्याला मिळू द्यायचा नाही, हे मी ठरवलंच. शनिवारी लेबलवर ओलं फडकं ठेवलं आणि सुरीने सगळा कागद खरवडून काढला.

"तुमले येड लागनं का?" बायको म्हणाली. "चांगली चीज खराब करी ऱ्हायनात!"

"राहू दे. नंबरच नाही तर काय मागवणार तो?"

रविवारी तो आला. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "आबा, जरा हातात घेऊ?"

चारचौघांत नाही कसं म्हणणार? त्याने तबकडी उन्हात तिरपी धरली. रेघा संपल्या की लेबलाच्या आधी एक काळी पट्टी असते, तिथे कंपनी साच्याचा नंबर कोरते. ती पट्टी मी कितीदा पुसली असेल. मला तो ओरखडा वाटायचा. त्याने नंबर ओठांत घोकला आणि तबकडी अलगद परत दिली.

दिवाळीआधी त्याची आली. लेबल कोरं करकरीत, सोनेरी अक्षरं. रविवारची बैठक त्याच्याकडे हलली. मीही गेलो एकदा, बघायला. माझ्याच ओट्यावर वर्षानुवर्षं चहा प्यालेला एक जण म्हणाला, "ही खरी. आबांची ती बोडकी, नक्कल असेल कुठली तरी."

"छे हो," ओव्हरसियर म्हणाला, "दोन्ही एकाच साच्यातल्या. मी स्वतः वाचलंय. आबांचीही अस्सलच आहे."

सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. माझ्या वस्तूला अस्सल म्हणणारा हा कोण? मी चहा अर्धा ठेवून उठलो.

"बसा ना आबा, मागची बाजू राहिलीय."

मागची बाजू मला तोंडपाठ होती. घरी आलो आणि माझी लावली. माझीच चांगली वाजते.