शिरोलीच्या जळक्या वाळूचा वास

एसटी शिरोलीवरून जाताना फाउंड्रीच्या जळक्या वाळूचा वास येतो, आणि मी पुन्हा त्या वर्गात उभी असते. उद्योजकांच्या पदव्युत्तर नेतृत्व-वर्गाला अर्धवेळ व्याख्याती हवी होती. निवड समितीनं शिकवून दाखवायला सांगितलं होतं. घराण्यातली पहिली पदवीधर मी. मान ताठ ठेवून फळ्यापुढं उभी राहिले.

पुढच्या बाकावर साक्षात माझ्या वडिलांच्या, आबांच्या फाउंड्रीचे मालक! मला ते ओळखत नव्हते.

"बाई, कामगार उलट बोलला तर काय करायचं? पुस्तकातलं नको, खरं सांगा की."

"आधी त्याचं ऐकून घ्यायचं."

"कधी भट्टीजवळ उभारलाय व्हय?" वर्ग हसला.

मला राहवलं नाही. "रोज डबा घेऊन मी तिथं यायचे. तुमच्या भट्टीवरचे म्हादू मेस्त्री माझे आबा."

हसू थांबलं. समितीतले सर खाली बघू लागले. मालक मात्र माझ्याकडे एकटक बघत राहिले.

"मेस्त्रीची पोरगी व्हय! तरीच उलट बोलतीया. घ्या की हिला, सर."

जागा मिळाली. पुढं कित्येक वर्षं हा किस्सा मी मिरवत सांगितला. आता तो वास आला की मालकांची ती नजर आठवते. ते बघत होते, तेवढ्या वेळात माझी अर्धवेळ नोकरी पणाला लागली होती, आणि आबांची पूर्णवेळ.