मन्मथचे चार तास

गंगाचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. "काका, आप्पा गेले," ती म्हणाली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "किती वाजता?" तीस वर्षं कॉलेजचं टाइमटेबल लावलेल्या माणसाला अशा वेळीही दुसरं काही सुचत नाही, याची मला लाज वाटते. "घड्याळ कुणीच बघितलं न्हाई, काका," ती म्हणाली. मन्मथला, म्हणजे तिच्या आप्पांना, हे उत्तर फार आवडलं असतं.

मी गणिताचा, तो तत्त्वज्ञानाचा. उदगीरकडचा लिंगायत, घरात अर्धी कानडी, आणि नांदेडच्या आमच्या कॉलेजात रुजू झाल्या दिवसापासून माझ्या टाइमटेबलचा वैरी. घंटा होऊन गेली तरी हा वर्गातच. एकदा पुढचा तास माझा म्हणून मी तणतणत दारात जाऊन उभा राहिलो, तर सगळा वर्ग डोळे मिटून बसलेला. एक मिनिट झालं असं ज्याला आतून वाटेल त्यानं हात वर करायचा, असं याचं फर्मान. कुणाचा हात वीस सेकंदांतच वर गेला. किनवटहून आलेली एक मुलगी मात्र दीड मिनिट उलटलं तरी शांत. मी घड्याळ पुढं करून म्हणालो, "हिचं चुकलं." त्यावर हा म्हणतो, "तिचं कुठं चुकलं, कदम? ती त्या मिनिटात राहून आली. तू नुसतं मोजून राहिलास." मला तो निव्वळ बोलघेवडेपणा वाटला. शिवाय माझा तास दहा मिनिटं बुडाला, ते वेगळंच.

बायको गेली, नोकरी संपली, तसा तो लातूरला मुलीकडे, गंगाकडे, राहायला गेला. मग मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चार तास. महिन्यातून एकदा मी एसटीनं भेटायला जायचो. तो म्हणायचा, "मशीनवरचे चार तास म्हणजे फाट्यावर उन्हात गाडीची वाट बघणं. सरतच न्हाईत." रोज सकाळी मात्र डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचा. सुया टोचायच्या त्याही डाव्याच हाताला. हात सुजलेला असायचा, पण त्यानं पूजा चुकवली नाही. त्या अर्ध्या तासाला पुढंमागं काही नसतं, असं तो सांगायचा आणि मी मान डोलवायचो.

तीन वर्षं अशी गेली. यंदाच्या उन्हाळ्यात गंगाचा फोन आला. आप्पा डायलिसिस बंद करा म्हणतात. डॉक्टरांनी परिणाम दोनदा नीट समजावून सांगितले, आप्पांनी ऐकून घेतले, आणि हसले. "तुम्ही तरी समजावा, काका. तुमचं ऐकतील." तो माझं कधी ऐकत होता? तरी गेलो. वाटेत गाडीत बसून मी कागदावर मुद्दे काढले होते.

"निदान एक कारण सांग," मी म्हणालो.

"कारणं काय, उद्यापर्यंत दहा जुळवून देतो. पण ती मागून येतात, कदम. हे आधीच आतून पिकलं, सीताफळावानी."

"पिकलं कसलं? तू थकलायस. तुझं दुखणं बोलून राहिलंय."

तो म्हणाला, "तीच धास्ती मलाबी होती. म्हणून चार महिने थांबलो. दुखणं बोलत असतं, तर चांगल्या दिवशी गप बसलं असतं. लई चांगले दिवस आले मधी, नातवाबरोबर पत्तेबी खेळलो. पण मन तसूभर हललं न्हाई."

कागद खिशातच राहिला. मला फार राग आला त्याचा, आणि रडूही. मी म्हणालो, "मला तू पाहिजेस, मन्मथ. बाकी काही न्हाई." तो म्हणाला, "हे बरोबर बोललास," आणि माझा हात धरून बसला.

शुक्रवार मशीनचा दिवस. दवाखान्यात न्यायची गाडी बोलावली नाही. आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो होतो. या आजारात पाणी मोजून मिळतं. लातूरच्या उन्हाळ्यात तीन वर्षं तो घोटाघोटावर राहिला होता आणि ते मोजणं गंगाच्या हातात होतं. ती आतून आली. डोळे सुजलेले, हातात काठोकाठ भरलेला तांब्या. तिनं तो बापापुढं धरला. तो सावकाश, थांबून थांबून प्यायला. मग कॉलेजातल्या जुन्या भानगडी काढून आम्ही इतके हसलो की नातू बघायला आला.

मी नांदेडला परतलो. पुढं तो अकरा दिवस होता. शेवटी झोपेतच गेला. गावाकडं त्याला बसवून, तळहातावर लिंग ठेवून समाधी दिली. तो स्वतःच्या मर्जीनं गेला, हे मी आता कुणालाही छातीठोक सांगतो.

गेल्या आठवड्यात लातूरला गेलो. व्हरांड्याच्या कट्ट्यावर तोच तांब्या भरलेला. आता तो रोज असाच भरून ठेवतात. मी म्हणालो, "गंगा, तुझ्या बापानं त्या दिवशी आधीच तुझ्याकडं पाणी मागून ठेवलं असणार, आणि तू दिलंस. मोठं काळीज केलंस, पोरी."

"आप्पांनी कुठं मागितलं, काका?" ती म्हणाली. "मी आत रडत बसले होते. त्यांना जाऊ द्यायचं न्हाई, असंच घोकून राहिले होते. अन् बघते तर मी माठाजवळ उभी, हातात भरलेला तांब्या..."

तिनं तांब्या माझ्यापुढं केला. मी पोटभर पाणी प्यायलो.